जनरल क्लिंटन कनू रेस आणि कूपरस्टाउनच्या तळ्याकाठचा तो खडक – कोणाला माहिती आहे का?

वाळवणाची_राखण

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. आम्ही न्यूयॉर्कला राहतो, म्हणजे शहरात नाही हो, वर बिंगहॅम्टनजवळ, दीड वर्ष झालं येऊन. सासू-सासरे आलेत म्हणून मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला कूपरस्टाउनला गेलो होतो. बेसबॉलचं म्युझियम बघायचा हट्ट लेकाचा, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मुक्काम तिथेच केला. सोमवारी पहाटे सासऱ्यांना सवयीप्रमाणे साडेचारला जाग, चहा झाल्यावर म्हणाले चला तळ्यावर एक चक्कर मारून येऊ, मग मी, ते आणि लेक असे तिघं निघालो, नवरा आणि सासूबाई झोपलेल्याच.

तर तळ्याच्या खालच्या टोकाला, जिथून नदी निघते ना, तिथे एक अगदी एवढंसं पार्क आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की पाण्यात काठालगत एक मोठा गोलसर खडक. पाण्यावर धुकं इतकं की पलीकडचा काठ गायब. आणि एवढ्या पहाटे तिथे माणसं! फोल्डिंगच्या खुर्च्या, ब्लँकेटं, हातात कॉफी, एका आजीबाईंच्या गळ्यात चक्क गाईची घंटा. आम्हाला वाटलं काही धार्मिक असेल. मग धुक्यातून आधी नुसता आवाज आला, "हट!" आणि थोड्या वेळाने परत "हट!" आणि मग एकदम होड्याच होड्या, लांबट, चिंचोळ्या, प्रत्येकीत दोघं पुढेमागे बसलेले, आणि दोघांची वल्ही एकाच वेळी पाण्यात, एकाच वेळी बाहेर, आणि "हट" म्हटलं की दोघंही वल्हं फटकन दुसऱ्या बाजूला घेतात. एक होडी इतकी जवळून गेली की वल्ह्याचं पाणी लेकाच्या बुटावर उडालं, तो बूट त्याने अजून धुवू दिलेला नाही.

आजीबाईंनी सांगितलं की ही जनरल क्लिंटन रेस, इथून बेनब्रिजपर्यंत, ७० मैल, एका दिवसात. सासऱ्यांनी विचारलं हा बिल क्लिंटनचा कोण, तर त्या एवढ्या हसल्या की घंटा वाजली. पण नीट काही विचारायच्या आत त्या नातवाच्या होडीमागे गाडी घेऊन निघूनच गेल्या. तिथे एक दगडी स्मारकही आहे, त्यावर १७७९ साली इथे धरण बांधलं असं काहीसं. आता लेक चौथीत आहे, त्याला लोकल हिस्टरीचं प्रोजेक्ट आहे, आणि त्याला हाच विषय पाहिजे. तर हा जनरल कोण, धरणाची काय भानगड, आणि सैन्याच्या जनरलचा आणि होड्यांच्या शर्यतीचा संबंध काय? आणि हे "हट" काय प्रकरण आहे? गुगलवर तुकड्यातुकड्यात मिळतंय पण कोणी नीट गोष्ट सांगितली तर फार उपकार होतील.

---

सस्क्वेहॅनाकाठचा

ताई, बरोबर ठिकाणी विचारलंत, मी एंडिकॉटला चोवीस वर्षं काढलीत आणि ही रेस माझा वीक पॉइंट आहे. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी भूगोल, कारण भूगोल कळल्याशिवाय ही गोष्ट कळतच नाही. तुम्ही पाहिलंत ते ऑट्सिगो तळं, नऊ मैल लांब, चिंचोळं, सगळ्यात खोल जागी १६६ फूट. त्याच्या दक्षिण टोकाला, तुम्ही उभ्या होतात बरोबर तिथे, सस्क्वेहॅना नदी जन्माला येते. तिथे ती एवढीशी आहे, आपल्याकडे ओढा म्हणाल, पण पुढे ४४४ मैल जाऊन चेसापीकच्या उपसागराला मिळते आणि वाटेत तुमच्या बिंगहॅम्टनमधून जाते. म्हणजे तुमच्या लेकाच्या बुटावर उडालेलं पाणी दोनचार दिवसांनी तुमच्याच घराजवळून गेलं असणार, प्रोजेक्टमध्ये घालायला हरकत नाही. तो खडक म्हणजे काऊन्सिल रॉक. इथले मूळ लोक त्या खडकापाशी भेटायचे, बैठका करायचे असं सांगतात, आणि ऑट्सिगो या शब्दाचा अर्थही खडकाची जागा असाच लावतात.

आता जनरल. हा जेम्स क्लिंटन, बिलशी काही घेणंदेणं नाही. न्यूयॉर्कचा पहिला गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन त्याचा भाऊ, आणि ज्याने एरी कालवा काढला तो डेविट क्लिंटन त्याचा मुलगा. घराणंच पाण्याचं म्हणा ना, बापाने धरण बांधलं आणि पोराने कालवा.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. १७७९ साली वॉशिंग्टनने ठरवलं की इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या इरोक्वॉय या इथल्या मूळ लोकांवर मोठी मोहीम काढायची. मुख्य सेनापती जॉन सलिव्हन, तो खालून पेनसिल्व्हेनियातून वर येणार, आणि क्लिंटन वरून खाली जाणार, दोघांनी याच सस्क्वेहॅनाकाठी खाली टायोगाला भेटायचं. क्लिंटनचा तळ मोहॉक नदीवर, कॅनजोहॅरीला. तिथून ऑट्सिगो तळ्यापर्यंत मध्ये जमीन, वीसेक मैल, डोंगर आणि जंगल. या माणसाने दोनशेच्या वर होड्या गाड्यांवर घालून, बैल-घोडे जुंपून तेवढं अंतर ओढत नेल्या. जून महिना. कल्पना करा, डास, चिखल आणि गाड्यांवर होड्या.

तळ्याच्या दक्षिण टोकाला पोचला, आणि मग बसून राहिला, कारण सलिव्हनचा पत्ता नाही, त्याची रसद पोचलेली नाही. इकडे उन्हाळा चढत चाललेला आणि ओढ्यात, म्हणजे नदीत, होड्या तरंगायलाच पाणी नाही. पंधराशेच्या वर माणसं आणि महिनाभराहून जास्त मोकळा वेळ. मग त्याने तळ्याच्या तोंडावरच बांध घातला. लाकडं, दगड, माती. तळं एवढं मोठं की फूट-दोन फूट पातळी वाढली तरी प्रचंड पाणी साठतं, नऊ मैलांचा हौद आहे तो. ऑगस्टच्या ८ तारखेला संध्याकाळी बांध फोडला, रात्रभर पाणी वाहू दिलं, नदी फुगली, आणि ९ तारखेला सकाळी फौज होड्या घेऊन त्या पाण्याच्या पाठीवरून खाली निघाली. भर ऑगस्टात, पाऊस नाही आणि नदीला पूर, काठावरच्या लोकांची काय अवस्था झाली असेल बघा. २२ ऑगस्टला तो टायोगाला सलिव्हनला मिळाला.

त्या प्रवासाच्या आठवणीत १९६३ साली बेनब्रिजच्या लोकांनी शर्यत सुरू केली. बेनब्रिज म्हणजे काय तर एक हायवेचं एक्झिट, एक मेन स्ट्रीट आणि नदी. पण तेवढ्या गावाने ही रेस धरून ठेवलीय. तिथे नदीकाठी त्यांचं जनरल क्लिंटन पार्क आहे, शेवटची रेषा तिथे, आणि त्या वीकेंडला तिथे जत्रा असते अक्षरशः, पाळणे, फनेल केक, बँड, आणि लहान मुलांपासून सगळ्यांसाठी छोट्या शर्यती. मोठी ७० मैलांची सोमवारी.

अजून एक, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. मी राहतो तो एंडिकॉटचा भाग टाउन ऑफ युनियनमध्ये येतो. मला वाटायचं युनियन म्हणजे सिव्हिल वॉरमधलं युनियन. नाही. क्लिंटन खाली येत होता तेव्हा सलिव्हनने जनरल पूअरची तुकडी त्याला गाठायला वर पाठवली, त्या दोन फौजा जिथे एकत्र आल्या ते युनियन. इतकी वर्षं मी पत्ता लिहितोय.

---

हट_हट_हुर्र

काकांनी इतिहासाचं मैदान मारलंय, मी "हट" घेतो कारण मी स्वतः त्या रेसमध्ये उतरलोय, एकदाच, रिले गटात, आणि तेही पहिल्या टप्प्यात उलटून. सांगतो.

साधी गोष्ट आहे. दोघं पुढेमागे बसलेत, एक डावीकडून मारतोय, एक उजवीकडून. होडी सरळ जायला पाहिजे तर जुन्या पद्धतीत मागचा माणूस प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं जरा वळवतो, म्हणजे सुकाणूसारखं. त्यात वेग जातो. म्हणून रेसवाले ती भानगडच करत नाहीत, नुसतं पुढे ओढायचं, आणि होडी एका बाजूला वळायला लागली की बाजू बदलायची. सहा, आठ, दहा फटके झाले की मागचा ओरडतो "हट" आणि त्याच्या पुढच्या फटक्यानंतर दोघांनी एकदम बाजू बदलायची. एकाने बदलली आणि दुसरा विसरला की काय होतं ते मी करून दाखवलंय.

वल्हंही वेगळं असतं, सरळ दांड्याचं नाही. दांडा आणि पातं जिथे जुळतं तिथे जरासा कोन, बारा-चौदा अंश. पहिल्यांदा हातात घेतलं तर वाकडं झालंय म्हणून परत द्यावंसं वाटतं. कारण असं की सरळ वल्हं फटक्याच्या शेवटी पाणी वर उचलायला लागतं, म्हणजे तुमची ताकद होडीला खाली दाबण्यात जाते, कोन दिला की शेवटपर्यंत पाणी मागेच ढकललं जातं. हे मिनेसोटाच्या जीन जेन्सन नावाच्या माणसाने ७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं, आता सगळे तेच वापरतात. होडी साडेअठरा फूट, केव्लर नाहीतर कार्बनची, एकटा माणूस डोक्यावर घेऊन पळू शकतो इतकी हलकी. आणि पळावं लागतं, कारण वाटेत धरणं आहेत, गुडइयर लेकचं एक मोठं, ओनिओंटाला एक, तिथे होडी बाहेर काढायची, खांद्यावर घ्यायची, चिखलातून धावायचं, परत पाण्यात टाकायची, बसायचं आणि तोवर मागचे दोघं पुढे गेलेले.

सेकंदाला एक फटका धरा. जिंकणारे साधारण सात-आठ तासांत पोचतात. आठ तासांचे २८ हजारांच्या वर फटके झाले. हौशी लोकांना त्याच्या दीडपट वेळ लागतो. खायला थांबायचं नाही, पाण्याचा कॅन पायाशी, त्यातून नळी वर छातीपर्यंत, तोंड खाली केलं की पिता येतं. कॅन संपला की तुमचा माणूस पुढे कुठल्यातरी पुलाखाली कमरेइतक्या पाण्यात नवीन कॅन घेऊन उभा, होडी न थांबता जुना फेकायचा, नवा घ्यायचा. ताई, तुमच्या त्या घंटावाल्या आजीबाई बहुतेक याच कामाला पळाल्या, नातवाचा कॅन डिकीत असणार.

आणि तुम्ही जिथे उभ्या होतात तीच जागा सगळ्यात अवघड हे कोणाला वाटत नाही. तळ्यात जागाच जागा, सगळे आडवे पसरलेले, आणि काऊन्सिल रॉकपाशी एकदम नदीचं तोंड, दोन-तीन होड्या शेजारी शेजारी मावतील न मावतील. तिथे जो आधी घुसला तो पुढचे कितीतरी मैल पुढे राहतो, कारण वरची नदी म्हणजे नागमोडी ओढा, वळणावर वळण, पडलेली झाडं, ओव्हरटेक करायला जागा नाही. मी असल्याच एका झाडात गेलो. पाणी फांद्यांमधून जातं, होडी जात नाही, झालं. गुडघाभर पाणी होतं म्हणून वाचलो, पण मे महिन्यातलं पाणी म्हणजे बर्फच, आणि माझा पार्टनर, सातारचा गडी, पाण्यात उभा राहून मला ज्या शिव्या घालत होता त्या बघून काठावरच्या एका बाईंनी विचारलं की ही तुमच्या भाषेतली "हट" आहे का.

---

आयर्विनवरून

वाचताना अंगावर काटा आला राव. मी सांगलीचा. आमच्याकडे कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात, पावसाळ्यात नदी भरली की, नदीकाठच्या गावांच्या टीम, पुलावर आणि दोन्ही काठांवर ही तोबा गर्दी, शिट्ट्या, नावाने हाका, आणि आपल्या गावाची होडी मागे पडली की लोक काठावरून पळत पळत सोबत येतात जणू काही पळाल्याने होडी जोरात जाणार आहे. तिकडे गाड्या घेऊन पुलापुलाने पळतात एवढाच फरक दिसतोय.

पण मला खरं बोलायचंय ते धरणाबद्दल. सस्क्वेहॅनाकाठचे काका, तुम्ही एका वाक्यात लिहून गेलात की भर ऑगस्टात पाऊस नसताना नदीला पूर. आम्हा सांगलीकरांना विचारा. इथे आकाश निरभ्र असतं आणि कोयनेतून पाणी सोडलं की आयर्विन पुलाखालचे आकडे चढायला लागतात, ४० फूट इशारा, ४५ धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं. वरच्या माणसाने पाणी सोडलं आणि खालच्याला त्याचा पत्ता नाही, याच्यासारखी भीती नाही दुसरी. आम्हाला निदान मोबाईलवर विसर्गाचे क्युसेक कळतात. त्या लोकांना काय कळलं असेल? रात्री नदी आपोआप वर आली आणि सकाळी तिच्यावर बसून फौज आली. मग ते खाली राहणारे लोक कोण होते, आणि त्यांचं पुढे काय झालं?

---

तिरका_चष्मा

आयर्विनवरून यांनी बरोबर नस पकडली म्हणून लिहितो, नाहीतर वाचून सोडून देणार होतो.

खाली राहणारे लोक म्हणजे होडिनोशोनी, ज्यांना इरोक्वॉय म्हणतात ते. सहा राष्ट्रांचा संघ, मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, केयुगा, सेनेका आणि टस्करोरा. युद्धात संघच फुटला, ओनायडा आणि टस्करोरा बहुतेक अमेरिकनांच्या बाजूने, बाकीचे बहुतेक इंग्रजांच्या. हे जंगलात भटकणारे लोक नव्हते, त्यांची पक्की गावं होती, लाकडी घरं, मक्याची शेतं, घेवडा, भोपळा, फळबागा.

वॉशिंग्टनने ३१ मे १७७९ ला सलिव्हनला जे आदेश दिले त्यात स्पष्ट आहे, त्यांच्या वस्त्यांचा पूर्ण नाश करायचा, आणि जितक्या वयाचे जितके कैदी मिळतील तितके धरायचे. लढाई अशी मोठी एकच झाली, न्यूटाउनची, २९ ऑगस्टला. बाकी मोहीम म्हणजे जाळपोळ. चाळीसच्या आसपास गावं जाळली, १ लाख ६० हजार बुशेल मका नष्ट केला, फळांनी लगडलेली झाडं तोडली. सप्टेंबर महिना, म्हणजे पीक हाताशी आलेलं, पुढे हिवाळा. हजारो माणसं फोर्ट नायगाराला इंग्रजांच्या दारात जाऊन पडली, आणि १७७९-८० चा हिवाळा भयंकर थंडीचा निघाला. किती मेले याचा धड हिशोबही नाही.

क्लिंटनची फौज तर टायोगाला पोचायच्या आधीच कामाला लागली होती, नदीकाठी येता येता वाटेतली गावं जाळत आली. काका, तुमच्या बिंगहॅम्टनला ऑट्सिनिंगो पार्क आहे ना, जिथे समरमध्ये आपली मंडळी पिकनिकला पोहे आणि क्रिकेटची बॅट घेऊन जमतात? ऑट्सिनिंगो हे तिथल्या वस्तीचं नाव होतं.

आता दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर परत अर्धीच गोष्ट. आदल्या वर्षी नोव्हेंबरात, ११ तारखेला, चेरी व्हॅलीवर इंग्रजांच्या बाजूच्या टोळीने हल्ला केला होता आणि त्यात तीसेक साधी माणसं, बायकापोरं धरून, मारली गेली. ते गाव कूपरस्टाउनपासून हाकेच्या अंतरावर. आणि त्याच्याही आधी, ऑक्टोबरात, अमेरिकन फौजेने ओनाक्वागा हे होडिनोशोनींचं मोठं गाव जाळलं होतं, तेही याच सस्क्वेहॅनाकाठी. सुडावर सूड चाललेला. पण एका गावावरचा हल्ला आणि अख्ख्या लोकांचं अन्न जाळायची सरकारी योजना हे मला एका तराजूत घालता येत नाही, कोणाला येत असेल तर येवो.

वॉशिंग्टनला त्या लोकांनी दिलेलं नाव आहे, गावं उद्ध्वस्त करणारा. १७९० मध्ये सेनेका पुढारी कॉर्नप्लँटर त्याला भेटला, तो तेव्हा अध्यक्ष, आणि त्याने तोंडावर सांगितलं की ते नाव ऐकलं की आजही आमच्या बायका मागे वळून बघतात, चेहरे पांढरे पडतात, पोरं आईच्या गळ्याला मिठी मारतात.

ताईंनी पाहिलेल्या त्या दगडावर धरण आहे, सलिव्हनला जाऊन मिळणं आहे. पुढचं काही नाही. कूपरस्टाउनलाच जरा पुढे लेकफ्रंट पार्कमध्ये मात्र एका इंडियन शिकाऱ्याचा पुतळा उभा केलाय, कुत्र्याला धरून वाकलेला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे त्याचीच प्रतिकृती. माणसं घालवली आणि पुतळा आणला.

आणि जाता जाता, क्लिंटन कनूत बसलाच नव्हता. त्याच्या होड्या बॅटो, म्हणजे फळ्यांच्या, सपाट बुडाच्या, दोन्हीकडे टोकदार. कनू ज्यांची होती, एल्म झाडाची साल काढून ते बनवायचे, त्यांच्या गावांना आग लावायला तो निघाला होता. रेस मात्र कनूची आणि नाव क्लिंटनचं.

---

गरमागरम_थालीपीठ

बापरे, धागा कुठून कुठे गेला. मी फक्त एवढंच सांगायला आले की कूपरस्टाउनला गोष्टी रचायची जुनीच सवय आहे, बेसबॉलचा शोध १८३९ मध्ये तिथे लागला असं म्हणून १९३९ ला ते हॉल ऑफ फेम उघडलं आणि ती गोष्ट खोटी आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण म्युझियम मस्त आहे. त्यामानाने धरणाची गोष्ट तरी खरी निघाली.

तिरका चष्मा, तुमचं पटतंय, पण मग काय शर्यत बंद करायची का? आपल्याकडे किती गावांच्या जत्रा कुठल्या लढायांवर उभ्या आहेत ते काढायला बसलो तर एकही जत्रा राहायची नाही.

---

तिरका_चष्मा

बंद करा असं मी कुठे म्हटलं? वल्हवणाऱ्यांचा काय दोष, त्यातल्या निम्म्यांना क्लिंटन कोण हे पण माहीत नसेल. माझं म्हणणं एवढंच की दगडावर अजून चार ओळींना जागा आहे.

---

सस्क्वेहॅनाकाठचा

तिरके, मान्य. मी वरच्या पोस्टमध्ये बांध फोडण्यापर्यंत रंगवून सांगितलं आणि "सलिव्हनला मिळाला" म्हणून पूर्णविराम देऊन टाकला. चोवीस वर्षांत मला ती गोष्ट कोणी तिथपर्यंतच सांगितली होती, मी पण तशीच पुढे ढकलली. ऑट्सिनिंगो पार्कमध्ये मी स्वतः दोन गणेशोत्सव पिकनिका ऑर्गनाइझ केल्यात.

एक भर घालतो. ही रेस नुसती गावची हौस राहिलेली नाही, कनू मॅरेथॉनच्या दुनियेत तीन मोठ्या शर्यती मानतात, ही एक, मिशिगनमधली ऑ साबल नदीची दुसरी, ती १२० मैलांची आणि रात्रभर चालते, काळोखात दिवे लावून, आणि क्युबेकमधली तिसरी, तीन दिवसांची, ती १९३४ पासून आहे. तिन्ही एका वर्षात मारणारे लोक आहेत. त्यातले काही दरवर्षी बेनब्रिजला येतात, आणि त्यांच्या शेजारच्या होडीत कुठला तरी डेअरीवाला आणि त्याची मुलगी असते, सेकंड हँड होडी घेऊन, दोघांची पहिलीच वेळ. हे मला फार आवडतं. दुपारी पहिले लोक पोचतात तेव्हा टाळ्या होतातच, पण संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जे येतात, हाताला सेलोटेप गुंडाळलेले, होडीतून उठताही येत नाही, दोघातिघांनी काखेत धरून बाहेर काढावं लागतं, त्यांना जास्त टाळ्या असतात.

---

वाळवणाची_राखण

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं होतं दोन ओळींची उत्तरं येतील. काल रात्री जेवताना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे रिटायर्ड इरिगेशन खात्यातले, त्यांनी ताबडतोब कागद घेतला आणि नऊ मैल गुणिले सरासरी रुंदी गुणिले दोन फूट असा हिशोब मांडायला बसले, आणि शेवटी म्हणाले, एवढं पाणी एका रात्रीत एवढ्याशा तोंडातून निघूच शकत नाही, ते कितीतरी दिवस निघत राहिलं असणार, म्हणूनच दोनशे होड्यांना पुरलं. मला त्यातलं काही कळलं नाही पण लेकाला कळलं म्हणे.

लेकाने विचारलं की खालच्या गावातल्या मुलांना पाणी वाढताना दिसलं असेल का. मी म्हटलं असेल. मग बराच वेळ गप्प होता. आता त्याचं प्रोजेक्ट असं ठरलंय की एका मोठ्या कार्डशीटवर नदी काढायची, वरती तळं आणि खडक, आणि खाली टायोगापर्यंत. रेसचे टप्पे निळ्या पेनने, कूपरस्टाउन, मिलफर्ड, ओनिओंटा, ओटिगो, युनाडिला, सिडनी, बेनब्रिज. आणि जाळलेली गावं लाल पेनने. तिरका चष्मा, ओनाक्वागा नक्की कुठे येतं ते सांगाल का, बेनब्रिजच्या वर की खाली? आणि हट_हट, त्याला पुढच्या वर्षी लहान मुलांच्या शर्यतीत उतरायचंय, तर बिंगहॅम्टनच्या आसपास शिकायला सोय आहे का, आणि लाइफ जॅकेट आपलं न्यावं लागतं का?

---

तिरका_चष्मा

बेनब्रिजच्या खाली. नदी तिथून दक्षिणेला जाते, पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडून एक मोठा वळसा घेते आणि परत न्यूयॉर्कमध्ये येते, त्या वळशाच्या आधी, आजच्या विंडसरजवळ, नदीच्या दोन्ही काठांवर होतं. म्हणजे त्याच्या नकाशात निळी शाई जिथे संपते त्याच्या थोडं पुढे लाल सुरू होईल. मुलाला सांगा की वळसा नीट काढ, बहुतेक नकाशांत तो कापतात.

---

हट_हट_हुर्र

लाइफ जॅकेट घेऊनच जा, मापाचं. शिकायला आधी माझ्याकडे आणा, माझी जुनी होडी गॅरेजमध्ये पडून आहे, एका बाजूला झाडाचा ओरखडा आहे तेवढा सोडला तर चांगली आहे. जूनमध्ये पाणी जरा तापलं की शनिवारी सकाळी जाऊ. आजोबांना पण आणा, मधल्या जागेत बसून हिशोब करतील. फक्त "हट" म्हणायचा अधिकार पहिल्या दिवशी मुलाला द्यायचा नाही, तो दर फटक्याला ओरडेल, माझ्या पुतण्याने तेच केलं होतं.